क्रीडाघात, बालक आणि वैद्याचा हात

प्रस्तावना



शालेय क्रीडास्पर्धांचे दिवस सुरू झाले की आपल्या चिकित्सालयांत एका विशिष्ट प्रकारचा रुग्ण दिसू लागतो. वय दहा ते सोळा. सोबत वडील, वस्ताद किंवा क्रीडाशिक्षक. आणि तक्रार ठरलेली : ‘खेळताना लागलं आहे, मुका मार आहे, जरा चोळून द्या.’ कबड्डीच्या पकडीत पाय मुरगळलेला असतो, आखाड्यात डाव बसताना खांद्यावर पडलेला असतो, किंवा साखळीत दोघांची डोकी एकमेकांवर आपटलेली असतात.

अलीकडे या तक्रारीस एका नव्या मागणीची जोड मिळाली आहे. मान आणि पाठ कडकन वाजवून ‘जागेवर बसविणाऱ्या’ चित्रफिती भ्रमणध्वनीवर पाहिलेले पालक विचारतात, ‘डॉक्टर, तुम्ही हे करता का? एकदा मान मोकळी करून द्या, म्हणजे रविवारच्या सामन्यात उतरेल.’ ही मागणी आपल्याकडे अगदीच नवी नाही. लचक काढणे, कंबर मोडणे, उसण भरल्यास पायाळू माणसाचा पाय पाठीस लावणे, हे प्रकार आपल्या गावांत पूर्वापार चालत आले आहेत. कायरोप्रॅक्टिक या परदेशी नावाने त्या जुन्या अपेक्षेला नवी प्रतिष्ठा मिळाली, इतकेच.

अशा वेळी वैद्याने काय करावे आणि विशेषतः काय करू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. प्रतिपादन थोडक्यात असे की, दुखावलेल्या बालकाच्या बाबतीत हाताचे कर्म निदानानंतर येते. आणि मान, पाठ व शिर यांच्या ताज्या आघातात ते मुळीच येत नाही. हा दंडक आपल्या शास्त्राला परका नाही. तो सुश्रुतसंहितेतच आहे.

एक स्वानुभव

लेखाचा आरंभ दुसऱ्याच्या चुकीने करण्यापेक्षा स्वतःच्या चुकीने करणे अधिक उचित वाटते.

व्यवसायाचे माझे तिसरे वर्ष होते. कबड्डीच्या सरावात पकड सोडविताना कोपरावर पडलेला बारा वर्षांचा एक मुलगा दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आणला गेला. कोपर सुजलेले होते आणि त्याने ते अर्धवट वाकवून पोटाशी धरलेले होते. दाबून पाहताना हाडांच्या घर्षणाचा शब्द आला नाही, हाताचा आकार विशेष बदललेला दिसला नाही; तेव्हा भग्न नाही असा निष्कर्ष मी काढला. क्ष-किरण चित्रासाठी दुसऱ्या गावी जावे लागत असे, आणि पालकांचीही तयारी नव्हती. मी रोज नारायण तेलाने मर्दन केले, गरम शेक दिला, आणि कोपर सरळ व्हावे म्हणून ते थोडे थोडे ताणत गेलो. पंधरा दिवस हा क्रम चालला. मुलगा रडत असे. दुखल्याशिवाय मोकळे कसे होणार, असे मीच त्याला समजावीत असे.

सूज उतरली, पण कोपर दिवसेंदिवस ताठ होत गेले. सहाव्या आठवड्यात कोपराच्या पुढच्या बाजूस स्नायूत दगडासारखी कठीण गाठ हाताला लागली. तेव्हा काढलेल्या क्ष-किरण चित्रात दोन गोष्टी दिसल्या : बाहूच्या हाडाच्या खालच्या टोकाची भरून येत असलेली भेग, आणि स्नायूंच्या मांसात तयार झालेले नवे हाड. आधुनिक वैद्यकात या विकृतीस मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. कोपराच्या ताज्या आघातावर जोराने मर्दन करणे व बळेच ताणणे हे तिचे सुपरिचित कारण आहे. अस्थिशल्य शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते पढविले जाते. मला ते माहीत नव्हते. त्या मुलाचा हात आजही पूर्ण सरळ होत नाही.

बालकाच्या हाडांचे वेगळेपण

माझी चूक केवळ निष्काळजीपणाची नव्हती. प्रौढाच्या हाडाचे नियम मी बालकाच्या हाडाला लावले, हे तिचे मूळ होते.

कोणत्या प्रकारच्या अस्थीला आघाताने काय होते, हे सुश्रुतांनी निदानस्थानाच्या पंधराव्या अध्यायात वेगवेगळे सांगितले आहे. नलकास्थी मोडतात, तरुणास्थी मात्र वाकतात. काण्डभग्नाच्या बारा प्रकारांत त्यांनी ‘वक्र’ हा प्रकार स्वतंत्र मोजला आहे. बालकाचे हाड हे ओल्या फांदीसारखे असते. एका बाजूने तडकते, दुसऱ्या बाजूने नुसते वाकते. किंवा मनगटाजवळ त्यास केवळ चुणी पडते. अशा भग्नात टोके सुटी नसल्यामुळे घर्षणाचा शब्द येत नाही. शब्द नाही म्हणून भग्न नाही, हा निष्कर्ष बालकाच्या बाबतीत म्हणूनच निरर्थक ठरतो. शिवाय शब्द ऐकण्यासाठी हाड हलवून पाहणे हेही वेदना व अपाय वाढविणारे आहे.

दुसरी गोष्ट वाढीच्या पट्टीची. लांब हाडांच्या टोकांशी तरुणास्थीची एक पट्टी असते व तिच्यामुळे हाडाची लांबी वाढते. मुलींत साधारण चौदा-पंधरा आणि मुलांत सोळा-सतरा वर्षांच्या सुमारास बहुतेक ठिकाणी ती हाडात रूपांतरित होऊन नाहीशी होते. तोपर्यंत ती शेजारच्या स्नायुबंधनांपेक्षा दुर्बल असते. ज्या हिसक्याने मोठ्या माणसाचा घोटा केवळ मुरगळतो, त्याच हिसक्याने मुलाची वाढपट्टी सरकू शकते. सॉल्टर व हॅरिस यांनी १९६३ मध्ये या आघातांचे पाच प्रकार वर्णिले आणि ते वर्गीकरण आजही वापरात आहे. त्यांतील पहिल्या व पाचव्या प्रकारात सुरुवातीचे क्ष-किरण चित्र जवळजवळ निर्दोष दिसू शकते. अशा पट्टीवर मर्दन व ओढाताण झाल्यास किंवा निदान चुकल्यास पुढे हात किंवा पाय आखूड राहणे, वाकडा वाढणे, असे परिणाम संभवतात. म्हणून व्यवहारात एक नियम पाळावा : मुलाच्या सांध्याजवळ हाडावरच बोटाने दाबल्यावर वेदना असेल, तर ती ‘लचक’ नाही असे गृहीत धरून चालावे.

सुश्रुतांनी घातलेली मर्यादा

भग्नचिकित्सेत आञ्छन, पीडन, संक्षेप आणि बन्धन ही कर्मे सांगितली आहेत. त्यामुळे हाड बसविणे ही आपली परंपरागत विद्या आहे असे आपण अभिमानाने म्हणतो, आणि ते खरेच आहे. परंतु ही कर्मे सांगण्याआधी, निदानाच्या अध्यायातच, सुश्रुतांनी वर्ज्य भग्नांची यादी दिली आहे. फुटलेले कपालास्थी, कटिप्रदेशातील सुटलेला संधी, कपाळाचा चुरा, त्याचप्रमाणे स्तनांतर, पृष्ठ, शंख व मूर्धा या स्थानांतील भग्न चिकित्सकाने वर्ज्य करावे, असे ते स्पष्ट सांगतात. डोके आणि पाठ ही दोन्ही स्थाने त्या यादीत आहेत.

शारीरस्थानाच्या सहाव्या अध्यायातील मर्मविचारही याच दिशेने जातो. एकशे सात मर्मांपैकी शिर व मान यांच्या संधिस्थानी असलेली दोन कृकाटिका मर्मे वैकल्यकर गणली आहेत. त्यांच्या आघाताने ‘चलमूर्धता’ येते, म्हणजे डोक्याला स्थैर्य राहत नाही. कवटी व पहिले दोन मणके यांच्या जोडणीची अस्थिरता म्हणून आज जे वर्णिले जाते, त्याच्याशी हे वर्णन किती जुळते ते वाचकांनी पाहावे. त्या स्थानी हिसका देऊन कडकन आवाज काढणे याला मर्मचिकित्सा म्हणणे म्हणजे शास्त्राच्या नावावर शास्त्राविरुद्ध वागणे होय.

कायरोप्रॅक्टिकविषयी

या पद्धतीचा उगम अमेरिकेत झाला. आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट येथे १८९५ मध्ये डॅनियल डेव्हिड पामर यांनी ती सुरू केली. मणक्यांच्या सूक्ष्म स्थानभ्रंशामुळे मज्जासंस्थेच्या कार्यात अडथळा येतो व त्यातून व्याधी उत्पन्न होतात, अशी त्यांची मूळ कल्पना. त्या व्यापक कल्पनेला पुढे शास्त्रीय आधार मिळाला नाही. मात्र प्रौढांच्या साध्या कंबरदुखीत हस्तक्रियेने थोडाफार उपशम मिळतो, असे अभ्यास सांगतात. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आदी देशांत या व्यावसायिकांना अनेक वर्षांचे शिक्षण व नोंदणी आवश्यक असते, हेही नमूद केले पाहिजे. चित्रफीत पाहून शिकलेल्या माणसाशी त्यांची तुलना करणे त्यांच्यावर अन्यायाचे ठरेल.

बालकांबाबत मात्र तेथेही प्रश्न उभे राहिले. ऑस्ट्रेलियात एका तान्ह्या अर्भकावरील उपचाराची चित्रफीत प्रसृत झाल्यावर २०१९ मध्ये तेथील नियामक मंडळाने दोन वर्षांखालील मुलांवर मणक्यांची हस्तक्रिया करू नये असे अंतरिम धोरण जाहीर केले. व्हिक्टोरिया राज्याने बारा वर्षांखालील मुलांविषयी त्याच वर्षी स्वतंत्र आढावा करविला. अपायाच्या नोंदी थोड्या सापडल्या. पण उपयोगाचा पुरावाही अत्यल्पच सापडला. मंडळाने २०२३ मध्ये ते निर्बंध सैल केले, परंतु आरोग्यमंत्र्यांच्या आग्रहामुळे २०२४ मध्ये अंतरिम धोरण पुन्हा लागू झाले.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. ही सारी चर्चा आघात न झालेल्या बालकांविषयी होती. आपल्यापुढे येणारे बालक नुकतेच मानेवर किंवा पाठीवर पडलेले असते. उपयोग अनिश्चित आणि अपाय झालाच तर आयुष्यभराचा, असे असताना हिसक्याच्या क्रियेला तेथे स्थान उरत नाही.

मानेचा आघात

बालकाचे डोके शरीराच्या मानाने मोठे, मानेचे स्नायू कमी बळकट आणि स्नायुबंधने सैल असतात. त्यामुळे मणके ताणले जाऊन पुन्हा जागेवर येतात. आतील मज्जारज्जू मात्र तेवढा ताण सोसू शकत नाही. क्ष-किरण चित्र निर्दोष असूनही मज्जारज्जू दुखावलेला असणे, ही अवस्था १९८२ मध्ये पँग व विल्बर्गर यांनी बालकांत वर्णिली. तिचे एक वैशिष्ट्य विशेष घातक आहे. पडल्यावर क्षणभर हातापायांना मुंग्या येतात किंवा बळ गेल्यासारखे वाटते, मग सर्व पूर्ववत् होते, आणि काही तासांनी वा दिवसांनी दौर्बल्य परत येते. मधल्या काळात मूल अगदी ठीक दिसते. नेमक्या याच काळात ते ‘मान मोकळी करण्यासाठी’ आपल्यापुढे बसविले जाते.

म्हणून मानेवर पडलेल्या प्रत्येक मुलाला पुढील गोष्टी विचाराव्यात :

१. पडल्यावर क्षणभर तरी हातापायांत मुंग्या, बधिरता, वीज चमकल्यासारखी संवेदना किंवा शक्तिहीनता आली होती काय?
२. मानेच्या मागे, मधल्या रेषेवर, मणक्यावरच स्पर्श असह्य होतो काय?
३. मान एका बाजूस वाकडी राहिली आहे काय, किंवा मूल डोके दोन्ही हातांनी सावरून धरते काय?
४. चालण्यात, लेखणी धरण्यात, मलमूत्राच्या वेगात काही फरक पडला आहे काय?

एकाही प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आल्यास मान वळवून पाहू नये. मुलाला उताणे निजवावे, डोक्याच्या दोन्ही बाजूंस घडी केलेली चादर किंवा वाळूच्या पिशव्या ठेवून मान स्थिर करावी आणि रुग्णवाहिकेने मोठ्या रुग्णालयात पाठवावे. दुचाकीवर मध्ये बसवून नेऊ देऊ नये.

मन्यास्तंभाबाबतही सावध राहावे. घशाच्या संसर्गानंतर किंवा क्षुल्लक झटक्यानंतर मुलाची मान वाकडी होऊन तशीच राहिली, तर पहिले दोन मणके एकमेकांवर फिरून अडकलेले असू शकतात. अशी मान बळाने सरळ करणे अत्यंत धोक्याचे आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या बालकांत या दोन मणक्यांची जोडणी जन्मतःच सैल असू शकते, हेही विसरू नये.

शिरोभिघात

कबड्डीत डोक्यावर डोके आपटणे आणि कुस्तीत डोके मॅटवर आदळणे या नित्याच्या घटना आहेत. मूल बेशुद्ध पडले नाही म्हणजे मेंदूला काही झाले नाही, हा समज चुकीचा आहे. मेंदूला हिसका बसलेल्या बहुसंख्य मुलांची शुद्ध हरपत नाही. गोंधळलेली नजर, तोच तो प्रश्न पुन्हा विचारणे, डोकेदुखी, मळमळ, तोल जाणे, प्रकाश सहन न होणे, एरवीपेक्षा चिडचिड किंवा सुस्ती, ही लक्षणे पाहावीत. वारंवार वांती, वाढती डोकेदुखी, झोपेतून जागे न होणे, आक्षेप, नाका-कानांतून पाणी किंवा रक्त येणे, यांपैकी काहीही दिसल्यास क्षणाचाही विलंब नको.

क्रीडाजन्य मेंदुआघाताविषयी अॅम्स्टरडॅम येथे २०२२ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे मतपत्र २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील सूत्र साधे आहे. संशय आला तरी मुलाला खेळातून बाहेर काढावे. त्या दिवशी पुन्हा उतरवू नये. पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती द्यावी. अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याची आवश्यकता नाही. घरातल्या घरात हलकी हालचाल चालते, पण भ्रमणध्वनी व दूरदर्शन कमी करावे. त्यानंतर चढत्या पायऱ्यांनी खेळाकडे परतावे : नित्याची हालचाल, हलका ते मध्यम व्यायाम, एकट्याने करावयाचा खेळाचा सराव, अंगाला अंग न लागणारा सांघिक सराव, मग पकडीसह सराव आणि शेवटी सामना. प्रत्येक पायरीस किमान एक दिवस द्यावा, आणि पकडीच्या पायऱ्या चिकित्सकाच्या अनुमतीविना चढू देऊ नयेत. शाळेचा अभ्यास पूर्ववत् सुरू झाल्याखेरीज सामना नको. मुलांना पूर्ण बरे होण्यास चार आठवड्यांपर्यंत काळ लागू शकतो.

ताज्या शिरोभिघातात शिरोऽभ्यंग, शिरोधारा, नस्य वा मानेचे मर्दन यांपैकी काहीही करू नये. ‘डोक्याला तेल घातले की शांत झोप लागेल’ हा कुटुंबाचा आग्रह असतो. परंतु पहिल्या रात्रीची गाढ झोप आणि मेंदूतील रक्तस्रावाची सुस्ती यांतील भेद ओळखणे हेच तेव्हाचे खरे काम असते.

पाठ, श्रोणी व गुडघा

खेळणाऱ्या मुलाची पाठदुखी तीन आठवड्यांहून अधिक टिकली आणि मागे वाकताना वाढत असली, तर कटिभागातील मणक्याच्या मागच्या कमानीस ताणाची भेग पडल्याचा संशय घ्यावा. मल्लांत ही विकृती वारंवार आढळते. तिला विश्रांती हवी असते. पाठ ‘मोडल्याने’ भेग रुंदावण्याची भीती असते.

दहा ते सोळा वयाचे, विशेषतः स्थूल, मूल गुडघा दुखतो म्हणून लंगडत आले, तर कटिसंधी अवश्य तपासावा. मांडीच्या हाडाचे डोके वाढपट्टीवरून सरकले असता वेदना पुष्कळदा गुडघ्यातच जाणवते. गुडघ्याला तेल चोळीत दिवस घालविल्यास ते डोके अधिकाधिक सरकत जाते.

आणखी एका शक्यतेचा उल्लेख जड मनाने करावा लागतो. याच वयात, बहुधा गुडघ्याच्या आसपास, हाडाचा कर्करोग उद्भवतो. खेळणाऱ्या मुलाला कधी ना कधी लागलेले असतेच, त्यामुळे सूज त्या माराच्या नावावर खपते. रात्री झोपमोड करणारी, विश्रांतीनेही न शमणारी वेदना आणि आठवड्या-आठवड्याने वाढणारी सूज असेल, तर मर्दन तात्काळ थांबवून क्ष-किरण चित्र घ्यावे. येथे गमावलेले आठवडे परत मिळत नाहीत.

पहिल्या तीन दिवसांची चिकित्सा

भग्न, संधिमुक्त व मर्माघात नाही अशी खात्री पटल्यावर जो खरा मुका मार किंवा खरी मुरगळ उरते, तिच्यावर आपल्याकडे उत्तम उपाय आहेत. मात्र त्यांचा क्रम पाळला पाहिजे.

ताज्या आघातात रक्त व पित्ताचा प्रकोप असतो. सुश्रुतांनी आरंभी शीत उपचारच सांगितले आहेत : न्यग्रोधादि गणाच्या थंड काढ्याचा परिषेक, मंजिष्ठा, यष्टिमधु, रक्तचंदन व तांदळाचे पीठ शतधौत घृतात मिसळून केलेला लेप. आजच्या व्यवहारात फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून काही वेळा, अवयव उशीवर उंच ठेवणे, आणि विश्रांती. पहिले दोन ते तीन दिवस गरम शेक, मर्दन व ताणणे वर्ज्य. कोपराच्या बाबतीत हा निषेध पुढेही सैल करू नये. तेथे हालचाल मुलाने स्वतः करावी, वैद्याने करवू नये.

पाच वर्षांखालील मुलाचा हात धरून उचलल्यावर कोपर निखळल्यासारखे होते, त्यास साध्या हस्तक्रियेने तत्काळ आराम पडतो, हे अनेक वैद्य जाणतात. परंतु इतिहास ‘ओढल्याचा’ असेल तरच. ‘पडल्याचा’ असेल तर ती क्रिया करू नये.

बंधन, औषधी व पथ्य

बंधन सैल असेल तर संधी स्थिर राहत नाही; अति घट्ट असेल तर सूज, वेदना व त्वचेचा पाक होतो, म्हणून मध्यम बंधन हितकर, असे सुश्रुत सांगतात. थंड ऋतूत सात, साधारण ऋतूत पाच व उष्ण ऋतूत तीन दिवसांनी ते बदलावे, हा नियमही त्यांचाच. घट्ट बांधलेल्या बांबूच्या पट्ट्यांमुळे हात कायमचा आखडलेली, क्वचित हात गमावलेली मुले अस्थिशल्यज्ञांच्या पाहण्यात येतात. बंधनानंतर नखे पांढरी किंवा निळी पडणे, बोटे बधिर होणे, आणि विशेषतः बोटे हळूच सरळ करताना असह्य वेदना होणे, ही धोक्याची लक्षणे पालकांना लिहून द्यावीत. ती दिसताच मध्यरात्र असली तरी बंधन सोडावे व रुग्णालय गाठावे. सकाळची वाट पाहू नये.

तीन दिवसांनंतर, सूज व उष्णता ओसरल्यावर, कोमट तेलाचा हलका अभ्यंग व हळूहळू हालचाल सुरू करावी. अभ्यंगाचा दाब इतकाच असावा की मूल हात मागे घेणार नाही. अस्थिशृंखला, लाक्षा, अर्जुन व आभा यांचे योग वय व अग्नी पाहून द्यावेत. लाक्षायुक्त, मधुर द्रव्यांनी सिद्ध दूध घृतासह सकाळी देण्याचा विधी मुलांना रुचतो व मानवतो. लवण, कटु, क्षार, अम्ल, रूक्षान्न, ऊन व व्यायाम हे भग्नात अपथ्य आहेत. पैकी व्यायामाचा निषेध पाळवून घेणे सर्वांत कठीण, कारण मुलाला खेळायचे असते आणि पुष्कळदा त्याच्याहून अधिक घाई मोठ्यांना असते.

औषधविक्रेत्यांसाठी

अनेक ठिकाणी दुखावलेल्या मुलाचे पालक वैद्याआधी दुकानाची पायरी चढतात. म्हणून विक्रेत्यांना पुढील विनंती आहे.

‘मुलाला लागलं आहे, एखादे तेल द्या’ अशी मागणी आल्यास तीन प्रश्न विचारावेत : केव्हा लागले, कोठे लागले, आणि त्या हाताने किंवा पायाने मूल काम करते काय? आघात तीन दिवसांच्या आतील असेल, डोके, मान, पाठ किंवा कोपर यांपैकी काही असेल, अथवा मूल पाय टेकत नसेल, तर तेलाची बाटली देण्यापूर्वी त्यांना चिकित्सकाकडे पाठवावे. एका बाटलीची विक्री बुडेल. पण दुकानावरील विश्वास वाढेल.

गंधपुरा तेलात मिथिल सॅलिसिलेट असते. लहान मुलाने चमचाभर गिळले तरी प्राणावर बेतू शकते. कापूर पोटात गेल्यास आक्षेप येतात. अशा मलमांच्या व तेलांच्या विक्रीच्या वेळी ‘मुलांच्या हाती लागू देऊ नका’ हे तोंडी सांगावे.

वत्सनाभ, भल्लातक, विषमुष्टी इत्यादी द्रव्ये औषध नियमांच्या परिशिष्ट ई-१ मध्ये समाविष्ट आहेत. ती असलेल्या, पोटात घ्यावयाच्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापलेली असणे बंधनकारक आहे. अशी वेदनाशामके बालकांसाठी वैद्याच्या चिठ्ठीविना देऊ नयेत. घटक न छापलेल्या, ‘एका दिवसात गुण’ देणाऱ्या सुट्या पुड्या तर दुकानात ठेवूच नयेत. दुखणे दडपून मूल मैदानात उतरले की मूळ आघात दुणावतो.

उपसंहार

आपल्या हातांना मोल आहे, यात शंका नाही. बंधनाचे कौशल्य, योग्य वेळचा अभ्यंग, दीर्घकाळ पाठपुरावा आणि कुटुंबाशी असलेला जिव्हाळा या गोष्टी मोठ्या रुग्णालयात सहजी मिळत नाहीत. परंतु हात कोठे थांबवावा हे ज्याला कळते, त्याच्याच हातावर पालकांनी विश्वास ठेवावा. कोणी विचारले, ‘तुम्ही मान मोडून देता का?’ तर संकोच न करता ‘नाही’ म्हणावे आणि कारणही सांगावे. परवा दुसरीकडे जाऊन ते तीच क्रिया करवून घेतील अशी भीती असेल, तर कारण सांगणे अधिकच आवश्यक ठरते.

आरंभी ज्या मुलाचा उल्लेख केला, तो आता तिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. गेल्या वर्षी तो आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आला. शाळेच्या मैदानावर पडून मुलाचे मनगट सुजले होते. त्याने मुलाला टेबलावर बसविले तेव्हा त्याचा तो अर्धवट वाकलेला हात माझ्यासमोरच होता. मी मनगटास हात लावला तो फक्त हाडावर एका बोटाने दाबून पाहण्यापुरता. पुठ्ठ्याची कुशा करून मध्यम बंधन केले, गळ्यात झोळी अडकविली आणि क्ष-किरण चित्रासाठी चिठ्ठी दिली. हाडाला चुणी पडलेली निघाली. अस्थिशल्यज्ञांनी आधार कायम ठेवला, मी आहार व औषध सांभाळले. बाल्यावस्थेत भग्नसंधी एका महिन्यात स्थिर होतो, असे सुश्रुत म्हणतात. चार आठवड्यांनी आधार काढला तेव्हा मनगट दोन्ही बाजूंस पूर्ण वळत होते.

निघताना त्याने मला एकच विचारले, ‘माझ्या वेळी असंच केलं असतं तर?’ मी ‘हो’ म्हणालो.